नाडीवरचे उतारू

नोटीस दिसल्यावर नानांनी सगळ्यात आधी तिच्यातली चूक काढली.

'या मार्गावरील उतारुंची मोजणी येत्या बुधवारी करण्यात येईल. उतारुंची संख्या पुरेशी न आढळल्यास मार्ग कायमचा बंद केला जाईल.' एवढाच मजकूर, आणि खाली कोणाचीही असू शकेल अशी एक सही. नानांची सगळी नोकरी छापखान्यात प्रूफं तपासण्यात गेली होती. निवृत्तीनंतर छापखाना सुटला, पण शर्टाच्या खिशातलं लाल पेन सुटलं नाही. त्यांनी स्टेशनात इकडेतिकडे पाहिलं, पेन काढलं आणि दोन्ही 'उतारुं'चे ऱ्हस्व उकार दीर्घ केले. समासात दोन नेटक्या खुणाही केल्या. मग एक पाऊल मागे सरकून आपल्या कामाकडे कौतुकाने पाहिलं, आणि तेव्हा कुठे मजकूर त्यांच्या डोक्यात शिरला. प्रूफरीडरचं असंच असतं. अक्षर आधी पोचतं, अर्थ मागच्या गाडीने येतो.

"अरे! हे तर आपली नाडी बंद करतायत!" नाना रिकाम्या फलाटावर मोठ्याने म्हणाले.

नाडी म्हणजे काय ते सांगायला हवं. त्या शहराच्या पोटातून भुयारी रेल्वेच्या दोन मोठ्या लाइनी जात. नकाशात त्या पायजम्याच्या दोन पायांसारख्या दिसत, आणि वर कमरेपाशी त्यांना जोडणारी एक आखूड लाइन होती. तिचं सरकारी नाव 'संयोजक उपमार्ग', पण ते गाडीच्या ड्रायव्हरलाही धड सांगता येत नसे. सगळे तिला नाडी म्हणत. दोन डब्यांची गाडी, दोन टोकांना दोन स्टेशनं, मध्ये एक वळण. गाडी पलीकडे पोचली की ड्रायव्हर हातात जेवणाचा डबा घेऊन फलाटावरून चालत दुसऱ्या तोंडाच्या केबिनमध्ये जाई, आणि गाडी परत फिरे. मोठ्या लाइनींवरच्या गाड्या नव्या आणि चकचकीत. त्यांत बसायला मोजक्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि उभं राहायला अख्खं शहर. नाडीवर मात्र जुने डबे राहून गेले होते. हिरव्या कापडाच्या, स्प्रिंगच्या, बसणाऱ्याला मायेने आत ओढून घेणाऱ्या गाद्या. ज्याला कोणी विचारत नाही त्याच्याकडेच चांगल्या वस्तू टिकतात, असा नानांचा सिद्धान्त होता. त्यात ते स्वतःलाही धरत.

पण नानांची घालमेल गाद्यांसाठी नव्हती. नाडीच्या दुसऱ्या टोकाला अक्का राहायची. अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण, मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेली मेट्रन. गुडघे कामातून गेलेले, आवाज शाबूत. रोज दुपारी ती काठी टेकत यायची, दाराजवळच्या आपल्या ठरलेल्या जागेवर बसायची आणि नानांकडे येऊन रमी खेळायची. रमी हे निमित्त. नाना पानं लपवतात असा अक्काचा आरोप, अक्का वाकून पानं बघते असा नानांचा. दोघं तावातावाने भांडत, चहा पीत, नव्या दमाने भांडत, आणि संध्याकाळी नाना तिला गाडीत बसवून येत. नाडीच्या दोन्ही स्टेशनांत पायरी म्हणून नव्हती, रस्त्यापासून फलाटापर्यंत सरळ उतार. मोठ्या लाइनने यायचं तर मधल्या जंक्शनवर जिनेच जिने, आणि त्यांवरून जीव घेऊन पळणारी माणसं. ते अक्काच्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं. परगावी असलेला तिचा मुलगा तर टपूनच होता. "आई, एकटी काय करतेस तिथे? तुझ्यासाठी खोली रिकामी ठेवलीय," असं तो फोनवर सांगे. "खोली पेशंटसाठी ठेवतात," असं अक्का ऐकवी. पण नाडी बंद झाली की तिच्याकडे ऐकवायला काही उरणार नव्हतं, आणि नानांकडे भांडायला कोणी.

हे अर्थातच नाना घरी बोलले नाहीत. घरी आल्या आल्या ते म्हणाले, "हा सार्वजनिक हिताचा प्रश्न आहे."

"म्हणजे अक्कांचा," बायको भाजी चिरता चिरता म्हणाली.

"अक्काचा काय संबंध? मी शहराबद्दल बोलतोय."

"अहो, तुम्ही शहराबद्दल कधी बोलला नाहीत. शहराच्या शुद्धलेखनाबद्दल बोलता."

दुसऱ्या दिवशी नाना इस्त्रीचा शर्ट घालून रेल्वेच्या मुख्य कचेरीत गेले. चौकशीच्या खिडकीमागे एक बाई होत्या.

"कुठली लाइन म्हणालात?"

"संयोजक उपमार्ग."

बाईंनी मागच्या भिंतीवरचा भलामोठा नकाशा न्याहाळला. "अशी लाइन नाहीये."

"आहे हो. मी आत्ता तिच्यावरूनच आलो."

"मग दाखवा नकाशात."

नाना खिडकीतून खांद्यापर्यंत आत शिरले. नाडीच्या जागेवर नकाशाच्या खुणा समजावणारी पांढरी चौकट छापलेली होती. लाल रेघ म्हणजे काय, निळी म्हणजे काय, स्वच्छतागृह कुठे. नेफ्यातून नाडीची टोकं बाहेर लोंबावीत तशी चौकटीच्या दोन्ही बाजूंनी तिची टोकं तेवढी डोकावत होती.

"त्या चौकटीखाली आहे," नाना म्हणाले.

"चौकटीखालचं आमच्याकडे येत नाही. ते छपाई विभागाकडे."

छपाई विभागातले गृहस्थ फार सज्जन निघाले. त्यांनी नानांचं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि समजावलं, की चौकट हलवायची तर वरून मान्यता आणावी लागते. पण खालची लाइनच गेली तर चौकट आहे तिथे अगदी बरोबर ठरते. "म्हणजे नकाशाच्या दृष्टीने बंद झालेलीच बरी," ते हळुवारपणे म्हणाले. निघताना नानांनी त्यांच्या टेबलावरच्या पाटीतली एक वेलांटी सुधारली. हाती लागलं ते एवढंच.

घरी परतताना जिन्यात सेक्रेटरी भेटले. सेक्रेटरी म्हणजे इमारतीचे. पाण्याची टाकी, कुंड्यांची जागा, कोणाच्या चपला कोणाच्या दारात, हे सगळं त्यांच्या अखत्यारीत. पण इमारत लहान आणि कर्तृत्व मोठं, त्यामुळे ते नेहमी एखाद्या बाहेरच्या कार्याच्या शोधात असत. नानांनी तोंड उघडायचा अवकाश, त्यांनी जिन्यातच सभा भरवली.

"सोपं आहे," सेक्रेटरी म्हणाले. "बुधवारी मोजणार ना? मग बुधवारी आपण सगळे गाडीत!"

"नुसतं गाडीत बसून काय होणार?" वरच्या मजल्यावरचा दंतवैद्य कठड्यावरून वाकून म्हणाला. त्याला प्रत्येक प्रश्नात दात दिसत. "लोकांना दुखलं पाहिजे. दुखत नाही तोवर कोणी माझ्याकडे येत नाही."

"तुमच्याकडे आल्यावरच दुखतं," खालून कोणीतरी म्हणालं, आणि सभा रंगली.

त्या सभेत नाडीच्या गाद्यांचा विषय कसा निघाला कोण जाणे. बहुतेक नानांनीच काढला. 'बसायला मिळतं' एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून गेले आणि जिन्यातल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. ही सगळी माणसं आयुष्यभर मोठ्या लाइनीवर दुसऱ्याच्या काखेखाली उभं राहून कामाला गेलेली. 

"बसायला?" सेक्रेटरींनी आवाज खाली आणून विचारलं. "म्हणजे पाठ टेकून?"

"पाठ टेकून. आणि खाली स्प्रिंग."

झालं. त्या क्षणी मोहीम नानांच्या हातून निसटली. बातमी इमारतीतून शेजारच्या इमारतीत गेली, तिथून केशकर्तनालयात, आणि एकदा केशकर्तनालयात गेल्यावर ती शहराची झाली. दंतवैद्याने बुधवारचे पेशंट 'डब्यात तपासतो' म्हणून बोलावले. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळाने त्या दिवशी न फिरण्याचं ठरवलं. सेक्रेटरींनी शिट्टी विकत घेतली. कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं. नानांची बायको सँडविचं करायला बसली ती उठेचना. नाना मात्र आनंदाने नुसते उडत होते. रात्री त्यांनी झोपेत "बरोबर, छापायला द्या" असं म्हटल्याचं बायकोने ऐकलं.

बुधवार उजाडला. नाना स्टेशनात पोचले आणि उतारावरच थबकले. ज्या फलाटावर आजवर त्यांच्या स्वतःच्या चपलांचा आवाज घुमत असे, तिथे पाय ठेवायला जागा नव्हती! ओळखीचे चेहरे, अनोळखी चेहरे, तान्ही मुलं, गालाला हात लावलेले दंतवैद्याचे पेशंट. आयुष्यात त्यांच्या शब्दावर आजवर फक्त छापखान्यातले खिळे जुळवणारे कंपॉझिटर हलले होते.

फलाटाच्या बाहेर पडायच्या वाटेवर रेल्वेने पाठवलेला मोजणीदार खुर्ची टाकून बसला होता. एकच होता, पलीकडच्या टोकाला दुसरा माणूस पाठवावा एवढी नाडीची पत नव्हती. त्याच्या मुठीत अंगठ्याने दाबायचं मोजयंत्र होतं. नानांनी त्याला लांबूनच विजयी हसू दिलं. त्याने परत दिलं नाही.

गाडी आली, दारं उघडली, आणि डबे भरले असं म्हणणं फार सौम्य होईल. ते ठासले गेले. सेक्रेटरी शिट्टी वाजवत सगळ्यांच्या आधी आत शिरले आणि दाराजवळच्या जागेवर बसले. बसल्याबरोबर त्यांच्या चेहऱ्यावर असा काही भाव आला, की त्यांच्या बायकोनेही तो आजवर पाहिला नसावा.

"नाना," ते डोळे मिटून म्हणाले, "स्प्रिंग आहे हो."

नानांना जागा मिळाली नाही. नाडीवर उभं राहायची त्यांची ही पहिलीच वेळ. पण ते कर्तव्य समजून लटकले. गाडी पलीकडे गेली, अलीकडे आली, पुन्हा पलीकडे गेली. डब्यात सँडविचं फिरली. दंतवैद्याने वळणावर एकाचा दात तपासला आणि गाडी कलल्याचा फायदा घेऊन निदानही केलं. सगळीकडे नुसता जल्लोष! फक्त एक गोष्ट नानांच्या कानाला टोचत होती. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या, पण मोजयंत्राची टिकटिक काही ऐकू येईना.

शेवटी दारं उघडल्यावर नाना कोपरांनी वाट काढत फलाटावर आले आणि मोजणीदारासमोर उभे राहिले.

टिक.

"हे काय?" नाना म्हणाले.

"एक," मोजणीदार म्हणाला. "सकाळपासूनचा पहिला."

"पहिला? अहो, गाडी बघा! श्वास घ्यायला जागा नाही तिच्यात!"

"ते बसलेत," मोजणीदार शांतपणे म्हणाला. "काही उभे आहेत. मला उतारू मोजायला सांगितलंय. उतरला की उतारू. तुम्ही उतरलात, तुम्ही झालात."

"उतारू म्हणजे प्रवासी! कुठलाही शब्दकोश काढा!"

"कचेरीत शब्दकोश नाही, आदेश आहे. बसणाऱ्यांना बसणारू म्हणायचं असेल तर त्यासाठी वेगळा आदेश लागेल." मग त्याने भिंतीकडे बोट केलं. "आणि त्या नोटिशीवर लाल रेघोट्या कोणी मारल्यात?"

"ती... शुद्ध केलीय."

"आदेश पाळायचा असतो. शुद्ध करायचा नसतो."

नाना मटकन खाली बसले असते, पण बसणारूंबद्दल आताच बोलणं झालं होतं. आयुष्यभर शब्दांत राहिलेला माणूस! उकार लांबवताना त्यांनी त्या शब्दाकडे पाहिलं, पण त्याच्या आत 'उतर' बसलेला आहे हे काही दिसलं नाही. मोहिमेला बोलावलेली सगळी माणसं गाडीत होती, आणि नाडीच्या खात्यावर एकटे नाना.

ते गाडीत परत शिरले आणि ओरडले, "उतरा! सगळ्यांनी उतरायला हवं! उतरल्याशिवाय मोजत नाहीत!"

हे मात्र सगळ्यांना एकदम पटलं.

"बरोबर आहे नानांचं," सेक्रेटरी गादीत आणखी खोल जात म्हणाले. "कोणीतरी उतरायलाच पाहिजे."

"मग उठा ना!"

"मी उठलो तर इथलं नियोजन कोण बघणार? डॉक्टर, तुम्ही उतरा."

"पेशंट अर्धवट सोडून? आणि बाहेर बघा, केवढी माणसं टपून आहेत. मी उठलो की माझी जागा गेलीच." दंतवैद्याने पेशंटचा जबडा आधारासारखा धरला. "आयुष्यात पहिल्यांदा बसायला मिळालंय, नाना."

नाना बायकोकडे वळले. तिने मांडीवरच्या डब्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "अहो, मी उतरले असते हो. पण डबा सांडेल."

दारं बंद झाली. गाडी निघाली. आणि नानांच्या डोळ्यांसमोर परगावची ती रिकामी खोली आली. खिडकीशी बसलेली अक्का, समोर पत्ते, आणि भांडायला कोणी नाही. गर्दीत त्यांनी वरचा दांडा घट्ट धरला. आता दुःख करायलासुद्धा हात मोकळा नव्हता.

पलीकडचं स्टेशन आलं. दारं उघडली.

दारात अक्का उभी होती.

तिला या कार्यक्रमाची बातमी नव्हती. नानांनी तिला मुद्दाम सांगितलं नव्हतं. आधी नाडी वाचवायची आणि मग सहज कळल्यासारखं सांगायचं, असा बेत होता. ती आपली रोजची दुपारची रमी खेळायला निघाली होती, आणि दर फेरीला गाडी भरलेली बघत काठीवर भार देऊन ताटकळत होती. तिने डब्यात पाहिलं. सँडविचं पाहिली, शिट्टी पाहिली, दुसऱ्याच्या तोंडात हात घातलेला दंतवैद्य पाहिला. मग तिची नजर दाराजवळच्या जागेवर आली. तिथे सेक्रेटरी होते.

अक्काने काठी फरशीवर आपटली.

"भेटीची वेळ संपली! सगळे बाहेर!"

त्या आवाजाला तीस खाटांचे वॉर्ड ऐकत आले होते. डब्यातलं एकूण एक माणूस ताडकन उठलं. कशासाठी, कुठे, हे विचारायचं कोणाला सुचलंच नाही. सेक्रेटरी शिट्टी तोंडात धरून फलाटावर आले. दंतवैद्य आला, त्याचा पेशंट तोंड उघडं ठेवून आला. नानाही बाहेर आले. त्यांना तर लहानपणापासून त्या आवाजाची सवय.

"नान्या! हा काय बाजार मांडलायस?"

नानांनी एका दमात सगळं सांगितलं. नोटीस, नाडी, उतारू, बसणारू. खोलीबद्दल बोलले नाहीत. अक्काने ऐकून घेतलं. खोलीबद्दल तीही बोलली नाही, पण तिची काठी क्षणभर जागच्या जागी थांबली.

"म्हणजे माणसं खाली उतरवायची, एवढंच ना?" ती म्हणाली. "जन्मभर नातेवाइकांना खाटांवरून उतरवलंय मी. चल."

आणि मग नाडीवर जे झालं ते आजवर कुठल्याच लाइनीवर झालं नसेल. अक्का आपल्या जागेवर बसली, तिच्यामागोमाग सगळे परत आत शिरले. गाडी मोजणीदाराच्या टोकाला आली. दारं उघडली. "भेटीची वेळ संपली!" डबा रिकामा. टिक टिक टिक टिक! फलाटावर थांबलेले आत, उतरलेले त्यांच्या मागे रांगेत. पुढच्या फेरीला तेच. लोकांना आधी धाक वाटला, मग गंमत वाटू लागली, मग नशाच चढली. पलीकडे कोण आधी जागा पकडतो, अलीकडे कोण आधी उतरतो! सेक्रेटरींना अखेर शिट्टीचा उपयोग सापडला. ड्रायव्हरने डबा बाजूला ठेवून फलाटावरून पळत केबिन बदलायला सुरुवात केली. नानांची बायको सँडविचांसकट उतरली आणि काही सांडलं नाही. नाना फलाटावर उभे राहून प्रत्येक टिकटिकीला मान डोलवत होते. छापखान्याच्या यंत्राचा आवाजसुद्धा त्यांना कधी इतका गोड लागला नव्हता.

मोजणीदाराचा अंगठा सुजला. अक्काने त्याला समोर उभं केलं, अंगठा तपासला, पिशवीतून पट्टी काढून करकचून बांधला आणि म्हणाली, "डाव्या हाताने चालू ठेव."

"पण बाई, तीच तीच माणसं येतायत..."

"तुला काय मोजायला सांगितलंय?"

"उतरला की उतारू," मोजणीदार म्हणाला. काही झालं तरी तो आदेशाचा माणूस होता. आणि त्याने यंत्र डाव्या हातात घेतलं.

काही दिवसांनी, दुपारची रमी खेळायला अक्का आली तेव्हा नाना तिला घ्यायला फलाटावर उभे होते. स्टेशन पुन्हा पूर्वीसारखं रिकामं. मंडळी मोठ्या लाइनींवर, दुसऱ्यांच्या काखेखाली, आपापल्या जागी गेली होती. सेक्रेटरी आता गॅलरीतल्या कबुतरांचा प्रश्न हाताळत होते. भिंतीवर मात्र नवी नोटीस लागली होती.

'उतारूंची संख्या पुरेशी आढळल्याने हा मार्ग चालु राहील.'

'उतारूं'चा उकार दीर्घ होता! वरच्या कचेरीत कोणीतरी त्यांची लाल खूण बघितली होती, मानली होती! नानांची छाती फुगली. मग त्यांची नजर पुढे सरकली आणि त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला.

"काय रे?" अक्काने विचारलं.

"'चालू' दीर्घ हवा. यांनी ऱ्हस्व काढलाय. फक्त एक रेघ..."

अक्काने त्यांचं मनगट धरलं. जुन्या सवयीने तिची बोटं बरोबर नाडीवर पडली.

"जोरात आहे," ती म्हणाली.

"कुठली? ही की ती?"

"दोन्ही. पेन ठेव आत. शुद्ध करायला गेलास आणि पुन्हा बुधवार उगवला तर माझा आवाज राहायचा नाही. चालू आहे ना? मग आखूड का होईना, असू दे." आणि उतार चढता चढता ती म्हणाली, "आज पानं लपवू नकोस."

"मी लपवत नाही. तू वाकून बघतेस."

त्या 'चालु'चा उकार अजूनही ऱ्हस्वच आहे. गाडीची वाट बघताना नाना रोज त्याच्याकडे पाठ करून उभे राहतात.